माप, आच आणि झाळ

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. नरहरी कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचे तोंडही पाहायला तयार नव्हते. एका सावकाराला विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा हवा होता. नरहरींनी माप मागवून घेतले आणि घरी बसून तो घडवला. एकदा तो आखूड झाला, एकदा सैल. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते गाभाऱ्यात गेले, मूर्ती चाचपू लागले आणि हाताला महादेव लागला. कीर्तनकार या कथेतून हरिहरांचे ऐक्य सांगतात. सोनारकाम शिकायला बसलेल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: दुसऱ्याने घेतलेल्या मापावर काम केले, की कसलेला कारागीरही फसतो.

नरहरींच्या प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कातर, ताजवा ही सगळी हत्यारे रूपके होऊन येतात. आजच्या नवशिक्याच्या टेबलावरही त्यांचीच भावंडे असतात. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. तिच्या जागी गॅसचा टॉर्च आला, ताजव्याच्या जागी डिजिटल काटा. कानस, तार ओढायची जंत्री आणि दोऱ्याइतक्या बारीक पात्याची करवत आली की दुकान पुरे झाले.

पूर्वी हे शिक्षण घरातच होई. मुलगा आधी झाडू मारायला शिके, कारण सोनाराच्या दुकानातला केरही विकला जातो. त्या केरातून सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी ही आपल्याकडची जुनी जमात. चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत आजही अनेक घरांत कामाची वाटणी दिसते: कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, कुणी उजाळा देतो. ज्याच्या घरात यातले काहीच नाही, अशा चाळिशीतल्या बँक कर्मचाऱ्याने किंवा कॉलेजातल्या मुलीने सुरुवात कुठून करावी?

तांब्यापासून. ते स्वस्त आहे, मऊ आहे आणि चूक लगेच दाखवते.

पहिली वस्तू साधी अंगठी. समजा, अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर हवा आणि पत्रा दीड मिलिमीटर जाड आहे. नवशिका १७ ला ३.१४ ने गुणतो, ५३.४ मिलिमीटरची पट्टी कापतो आणि अंगठी बोटात शिरत नाही. कारण पट्टी वाकवली की आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते; लांबी कायम राहते ती जाडीच्या मधल्या रेषेची. म्हणून व्यासात पत्र्याची जाडी मिळवायची: १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरचा हा फरक म्हणजे नवशिक्याचा आखूड करगोटाच.

मग कापणे. करवतीच्या पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली, असावे लागतात. पाते खाली येताना कापते, वर जाताना नुसते सरकते. जोर लावला की ते तुटते. पहिल्या दिवशी डझनभर पाती मोडली तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खरी शाळा विस्तवापाशी भरते. तांबे ठोकत गेले की ते ताठर होते आणि शेवटी चिरते. त्याला पुन्हा मऊ करायचे तर मंद लाल होईपर्यंत तापवायचे. पोलाद लालभडक करून पाण्यात टाकले की कडक होते. तांबे त्याच पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. तो मंद लाल रंग भर उन्हात दिसत नाही, म्हणून तापवायचे टेबल खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हवे. थर्मामीटर इथे डोळाच असतो आणि तो तयार व्हायला काही आठवडे जातात.

यानंतर झाळणे, म्हणजे सांधा जोडणे. तांब्यानंतर हाती येते ती चांदी. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. तिच्यासाठी वापरायची झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, त्याच्या बरीच आधी वितळते. कारागिराला या दोन आकड्यांमधल्या फटीत काम उरकायचे असते. सांधा घासून स्वच्छ करायचा, दोन्ही तोंडे उजेड दिसणार नाही इतकी भिडवायची, टाकणखार लावायचा. आच लागताच टाकणखार आधी लाहीसारखा फुलतो, मग बसतो आणि काचेसारखा चमकतो. नवशिका इथे ज्योत थेट झाळीवर धरतो. झाळ गोळा होऊन बसते, सांध्यात उतरत नाही. तापवायची असते ती अंगठी, चहूबाजूंनी सारखी. ती पुरेशी तापली की झाळ क्षणात चकाकते आणि सांध्यात धावते, कारण ती जिकडे उष्णता जास्त तिकडे जाते. आणखी दोन सेकंद ज्योत तिथेच राहिली, तर चांदीच्या अंगठीचा गोळा होतो. हा गोळा प्रत्येक शिकणाऱ्याच्या डबीत एखादा तरी असतो.

सराफ बाजारात ‘केडीएम’ हा शब्द ऐकू येतो. तो कॅडमियम मिसळलेल्या झाळीवरून आला. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. म्हणून झाळ घेताना ती कॅडमियमविरहित आहे ना, हे विचारूनच घ्यावी, खिडकी उघडी ठेवावी आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. दागिना स्वच्छ करायला आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही.

विस्तवाची भीतीच वाटत असेल तर अलेक्झांडर काल्डर आठवावा. हवेत डुलणाऱ्या शिल्पांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन कलावंताने वयाच्या आठव्या वर्षी रस्त्यावर पडलेल्या तांब्याच्या तारा गोळा करून बहिणीच्या बाहुल्यांचे दागिने केले. पुढे आयुष्यभरात त्याने सुमारे १८०० दागिने घडवले. पितळ-चांदीच्या तारा हातोडीने चपट्या करायच्या, वेटोळी घालायची, कड्या अडकवायच्या किंवा रिव्हेट मारायचे. झाळकाम त्याने बहुतांशी टाळलेच. १९५५ मध्ये तो साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून अहमदाबादला आला, तेव्हा तिथेही त्याने शिल्पांबरोबर दागिने केले. आपल्याकडची तोंड उघडी ठेवलेली जोडवी याच जातीची. सांधा नाही, म्हणून झाळ नाही, आणि माप थोडे चुकले तरी दाबून जुळवता येते.

हे काम शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात नक्षीकामाचे फोटो दाखवते. चौकशीला जाणाऱ्याने नक्षी जरा बाजूला ठेवून एवढेच विचारावे, की पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या हातात टॉर्च किती वेळा येतो. शिक्षकानेच तापवून द्यायचे असेल तर ती शिकवणी नव्हे, प्रात्यक्षिक.

आणि ज्यांना या रविवारी घरीच सुरुवात करायची आहे, त्यांनी दीड मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, एक छोटी हातोडी आणि एक कानस आणावी, आधी जोडवी करावीत. अंगठीकडे वळताना बोटाचे माप स्वतः घ्यावे, तेही संध्याकाळी. सकाळच्या गारव्यात बोट किंचित बारीक भरते.