पासपोर्टवरचे नाव

‘नेचर’ या लंडनच्या शास्त्रीय नियतकालिकात 1939 साली वनस्पतींतील एका विकरासंबंधी टिपण प्रसिद्ध झाले. त्यावर रॉबिन हिल यांच्या जोडीला भागवत हे नाव होते. त्याच नियतकालिकात 1955 साली वालाच्या दाण्यांतील एका द्रव्यावर लेख आला. त्यावर सोहोनी हे नाव होते. या दोन व्यक्ती नव्हेत. सर चंद्रशेखर रामन यांचा नकार न मानता 1933 साली बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत प्रवेश मिळविणाऱ्या आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतणाऱ्या कमलाबाई त्या याच. 1947 साली त्यांचा विवाह झाला आणि भागवतांच्या त्या सोहोनी झाल्या. थोरल्या भगिनी दुर्गाबाई अविवाहित राहिल्या. ग्रंथपालांचे तेवढे श्रम वाचले!

कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि परतल्या त्या एकाच नावाने. आज बंगळूरच्या संगणक-कंपन्यांतून जर्मनीस किंवा अमेरिकेस जाणाऱ्या मराठी मुलीची गोष्ट निराळी आहे. पासपोर्ट सेवा केंद्रांची नवी व्यवस्था 2010 साली ज्या शहरांत प्रथम आली, त्यांत बंगळूर होते. तेव्हा पासपोर्ट तिने तेथेच काढलेला असतो. दोन-तीन वर्षांनी ती रजेवर घरी येते, पंधरा दिवसांत लग्नकार्य उरकते, आणि नवे नाव मनात व जुने नाव पर्समध्ये घेऊन ती परत जाते.

मराठी नावाची घडणच अशी की, विवाहाने त्याचे एक नव्हे, दोन भाग पालटतात. पित्याच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि आडनावही बदलते. तबकातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत जेथे अजून पाळली जाते, तेथे तर बारशाचे नावही उरत नाही. पासपोर्टात मात्र रकाने दोनच: आडनाव आणि नाव. मधले नाव घालायचे तर ते मुलीच्या नावाला जोडून दुसऱ्या रकान्यात बसवावे लागते. शेजारच्या टेबलावरील कानडी मैत्रिणीची अडचण याच्या उलट असते. तिच्याकडे पित्याच्या नावाचे आद्याक्षर असते, आडनाव नसते. आणि आडनावाचा रकाना रिकामा राहिला की अमेरिकेच्या व्हिशावर तिचे नाव आडनावाच्या जागी जाते व नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची तीन अक्षरे उमटतात. तिच्या आईवडिलांनी तर ते मोठ्या हौसेने ठेवलेले असते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. विवाह झाला म्हणजे पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे, असे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही मानले जाते. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात असे बंधन कोठेही नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मातापित्यांच्या नावांबरोबर पतीचे किंवा पत्नीचे नाव नोंदविण्याची सोय आहे. माहेरचे नाव कायम ठेवून तेथे पतीचे नाव लिहविता येते. सासरच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट वेळीच सांगितली, तर पुष्कळ रुसवेफुगवे टळतील.

ज्या मुलीला नवे नाव मनापासून हवे आहे, तिने अवश्य घ्यावे. पण त्याचा पसारा आधी लक्षात घ्यावा. जुन्या पुस्तिकेत नुसती दुरुस्ती होत नाही. परदेशातील आपल्या वकिलातीकडे नव्या पासपोर्टासाठी अर्ज करावा लागतो. विवाहाचा दाखला किंवा पतिपत्नींचे संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. नवी पुस्तिका येते तिचा क्रमांकही नवा असतो, आणि जुनी रद्द होते. मग त्या देशाचा निवासपरवाना, बँकेचे खाते, नोकरीचा करार, पगारपत्रक, सर्वत्र हेच काम पुन्हा करावे लागते. विद्यापीठाची पदवी मात्र जुन्याच नावाने राहते. तेव्हा दोन्ही नावांची स्त्री एकच आहे, याची साक्ष द्यायला विवाहाचा दाखलाच काय तो उरतो. परदेशी कचेऱ्या तो पुष्कळदा परराष्ट्र खात्याच्या अपोस्टील शिक्क्यासह मागतात, आणि तो शिक्का भारतात मिळतो. म्हणून लग्नानंतरच्या त्या धावपळीच्या रजेतच, आहेर मोजण्याआधी, विवाहनोंदणी करून दाखल्याच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात आणि त्यांवर शिक्काही उमटवून घ्यावा. परदेशातून हे काम कुणा नातलगाकरवी करविणे फार कष्टाचे होते.

जुन्या पुस्तिकेत चालू मुदतीचा व्हिसा असेल तर रद्द झालेली पुस्तिका टाकून देऊ नये. काही देश दोन्ही पुस्तिका एकत्र दाखविल्यास तो व्हिसा मानतात, काही मानत नाहीत, आणि याची चौकशी अर्जापूर्वीच करावी. विमानाचे तिकीट पासपोर्टावरील नावाशी जुळावे लागते. दिवाळीचे तिकीट माहेरच्या नावाने आधीच काढलेले असेल, तर नावाचा अर्ज दिवाळी करून परतल्यावर द्यावा.