शिट्टी थांबवायची, तर आधी आपण थांबू
(मंडळाच्या बौद्धिक सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही वक्ते नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या सेवेत लागलो आणि रस्त्यांच्या कामावर वीस वर्षे गेली. म्हणून विषय रस्त्याचाच घेतला आहे. आपल्या बेळगावात पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही नुसती रेल्वेची फाटकं नाहीत, ती पत्ता सांगायची नावं आहेत. आमचं घर दुसऱ्या गेटच्या जवळ. तेव्हा इंजिनाच्या शिट्टीबद्दल बोलायचा हक्क आम्हाला आहे, असं आम्ही समजतो.

वाफेच्या इंजिनाची शिट्टी आमच्या वडिलांना आठवते. ती लांबून यायची आणि लांब जायची, असं ते सांगतात. आताचा भोंगा वेगळा. रात्री दोन वाजता तो वाजला की खिडकीची तावदानं थरथरतात. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रात्र रात्र झोप लागेना. मग आम्ही गल्लीतल्या चाळीस-पन्नास लोकांच्या सह्या घेऊन अर्ज लिहिला : रात्री गेटवर शिट्टी वाजवू नये.

अर्ज देण्यापूर्वी थोडी माहिती काढावी म्हणून बसलो. इंजिनाचा चालक हौस म्हणून शिट्टी वाजवत नाही. फाटकाच्या अलीकडे साधारण ६०० मीटरवर रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘डब्ल्यू/एल’ आणि हिंदीत ‘सी/फा’ म्हणजे सीटी-फाटक असं लिहिलेलं असतं. तिथून फाटक ओलांडेपर्यंत शिट्टी द्यायची, असा नियम. गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर हे अंतर कापायला ३६ सेकंद लागतात. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर जागच्या जागी थांबत नाही, तिला किलोमीटरभर अंतरही लागू शकतं. म्हणजे रुळावर माणूस दिसला तरी चालकाच्या हातात शिट्टीशिवाय दुसरं काही उरत नाही.

मग प्रश्न पडला, की हे जगात कुणी थांबवलंय का? थांबवलंय. अमेरिकेत त्याला ‘क्वाएट झोन’ म्हणतात. तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्लोरिडा राज्यात १९८४ पासून अनेक गावांनी रात्रीची शिट्टी बंद केली. फाटकं होती, दिवे होते, घंटा होत्या. तरी पुढे पाहणी झाली तेव्हा त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झालेले आढळले. १९९१ मध्ये केंद्र सरकारला आदेश काढून शिट्टी परत सुरू करावी लागली. ती परत आल्यावर अपघात खाली आले.

पण त्यांनी विषय तिथे सोडला नाही. २००५ मध्ये देशभरासाठी नियम केला. शिट्टी थांबवायची असेल तर गावाने तिच्या जागी दुसरं काही द्यावं. काय द्यावं? तिथलं साधं फाटक अर्धाच रस्ता अडवतं, त्यामुळे गाड्या नागमोडी घुसतात. म्हणून एक तर दोन्ही बाजूंचा पूर्ण रस्ता अडवणारी चार फाटकं बसवा, किंवा मध्ये दुभाजक घाला, किंवा रस्ता एकेरी करा, किंवा ते फाटक रहदारीला बंदच करा. रुळाच्या लांबीने निदान अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर, असा पट्टा धरावा लागतो. ‘इथे शिट्टी वाजत नाही’ अशी पाटी लावावी लागते. आणि एवढं करूनही समोर धोका दिसला तर चालक शिट्टी देऊ शकतो.

हे वाचून आम्हाला वाटलं, आपलं काम तर सोपं आहे! आपली फाटकं पूर्ण रस्ता अडवतात. इंटरलॉक असलेल्या गेटवर फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. मग आपल्याकडे शिट्टी कशाला?

याचं उत्तर आम्हाला घरातच मिळालं. अर्ज खिशात असतानाच एका सकाळी आमचा दहावीतला मुलगा क्लासला उशीर झाला म्हणून सायकल आडवी करून बंद फाटकाखालून घुसला. एक गाडी गेली होती, दुसरी उलट बाजूने येत होती. ती त्याला दिसली नाही. शिट्टी ऐकू आली म्हणून तो मागे सरला. आम्हाला हे गेटवरच्या पानवाल्याने सांगितलं. मुलगा घरी येऊन काही बोलला नाही, आम्हीही त्या दिवशी त्याच्यावर ओरडू शकलो नाही. कारण तो फाटकाखालून जायला शिकला कुणाकडून? आमच्याकडून. स्कूटर तिरकी करून पाठीमागे त्याला बसवून आम्ही कितीदा गेलो आहोत.

मंडळी, नुसतं रुळावर शिरणं हाही रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट अशी, की आपण फाटक मानत नाही, म्हणून शिट्टी वाजते.

कायमचा उपाय पूल हाच. कपिलेश्वर, गोगटे सर्कल, तिसरं गेट इथे पूल झाले. फाटकच नसेल तर फाटकाची शिट्टीही नाही. पण पूल होईपर्यंत काय? आम्ही तो अर्ज फाडला नाही. नवा लिहिला. त्यात आधी पादचाऱ्यांसाठी जिना, दुभाजक आणि फाटकाखालची फट बंद करणारी जाळी मागितली, आणि मग शिट्टीचा विचार व्हावा असं म्हटलं. सह्या घेताना प्रत्येकाला एकच विचारलं : तुम्ही स्वतः थांबणार का? काहींनी सही केली नाही. तेही प्रामाणिक म्हणायचे.

आता आपल्या उत्सवाबद्दल. रात्री दहानंतर आपला स्पीकर वाजत राहिला, तर शिट्टीबद्दल तक्रार करायला आपल्याला तोंड राहत नाही. यंदा मंडळाने दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. दहाही दिवस गर्दीच्या वेळी गेटवर आपले चार स्वयंसेवक उभे राहावेत. आणि मिरवणूक गेटपाशी आली की फाटक उघडं असलं तरी ढोल थांबवून, दोन्हीकडे बघूनच पुढे न्यावी.

वडील आता बरे आहेत. परवा आम्ही त्यांना विचारलं, झोप लागते का? ते म्हणाले, “शिट्टी ऐकू आली की कळतं, गाडी नीट गेली. नाही आली तर मी जागा राहीन.”

 गणपती बाप्पा मोरया!