फोटोतली मोटार



आमच्या युनियनच्या कचेरीत मुंबईतल्या मिरवणुकीचा एक जुना फोटो होता. पाठीमागे लिहिलेले : ‘लोकमान्यांना शिक्षा, गिरणीकामगारांचा संप, १९०८’. आम्ही तो अभिमानाने भिंतीवर लावला. एके दिवशी मोटारदुरुस्तीचे काम करणाऱ्या एका पोराने फोटोतल्या गाडीवर बोट ठेवले. “काका, ही फोर्डची मॉडेल टी!”

तो संप जुलैतला. ही गाडी बाजारात आली त्याच वर्षी ऑक्टोबरात. शिवाय आरंभीच्या मॉडेल टीचा रेडिएटर पितळी, फोटोतही चकाकणारा. १९१६ च्या उत्तरार्धात निघालेल्या नमुन्यापासून त्यावर काळे, गोलसर कवच आले. आमच्या फोटोत तेच होते.

मग खरे साल कोणते? इथे घाई करू नये. गाडी वर्षानुवर्षे रस्त्यावर धावते. ‘याच्या आधीचा नाही’ एवढीच तिची साक्ष.

आम्हांला वाईट वाटले. पण तो सहा दिवसांचा संप खरा आहे. त्याला खोट्या पुराव्याचा टेकू कशाला? मालकाच्या हिशेबातली चूक आम्ही चव्हाट्यावर मांडतो, मग आपली का झाकावी? जुने साल खोडून आम्ही लिहिले : ‘१९१६ पूर्वीचा नव्हे’. फोटो मात्र भिंतीवरच आहे.