किरणोत्सर्गी इंजेक्शनातील चूक : नोंद सक्तीची हवी

(न्यू टाउन, कोलकाता येथे रुग्णालय कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या न्यू टाउनमध्ये ही सभा होत आहे, तेथे 2011 मध्ये टाटा मेडिकल सेंटर सुरू झाले आणि जानेवारी 2022 मध्ये चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या 460 खाटांच्या दुसऱ्या आवाराचे उद्घाटन झाले. याच महानगरात 2018 मध्ये अणुऊर्जा खात्याचे सायक्लोन-30 हे सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाले. तपासणीसाठी लागणारी किरणोत्सर्गी औषधे अशा यंत्रातून मिळतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे. न्यूक्लिअर मेडिसिनच्या या उभारणीत जनतेचा पैसा आहे. तेव्हा हे औषध टोचताना चूक झाली तर ती कोणाला कळवायची, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

चूक कोणती, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. औषध शिरेत जायचे असते. सुई निसटली किंवा शीर फुटली, तर ते आजूबाजूच्या मांसात झिरपते. तपासणीच्या औषधात असे झाले तर शरीरात पोहोचणारी मात्रा कमी पडते. गाठ चित्रात फिकी दिसते आणि उपचार लागू पडत असल्याचा खोटा दिलासा मिळू शकतो. पेट तपासणीत रुग्णाचे हात बहुधा डोक्यावर घेतलेले असतात. त्यामुळे टोचलेली जागा अनेकदा चित्रात येतच नाही आणि चूक कोणाच्या ध्यानी येत नाही. उपचाराच्या औषधात धोका अधिक असतो. फ्लोरिन-18 ची शक्ती सुमारे 110 मिनिटांत निम्मी होते. ल्युटेशियम-177 ला त्यासाठी साडेसहा दिवसांहून अधिक काळ लागतो. एवढा वेळ औषध एकाच जागी साचून राहिले तर त्वचा व मांस पोळू शकते. ही इजा त्याच दिवशी दिसेल असे नाही. ती काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही उघड होते.

या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास उद्बोधक आहे. तेथील अणुनियामक आयोगाने 1980 मध्ये ठरविले की अशी गळती टाळणे जवळजवळ अशक्य आहे. सबब ती कळविण्याचे बंधन नको. चाळीस वर्षे हा निर्णय टिकला. 2020 मध्ये ल्युसर्नो डायनॅमिक्स या कंपनीने अर्ज केला की मांसाला 0.5 सिव्हर्टहून अधिक मात्रा मिळाल्यास नोंद सक्तीची करावी. ही कंपनी गळती ओळखणारे उपकरण विकते, तेव्हा तिचा स्वार्थ उघड होता. दुसऱ्या बाजूने या शाखेतील तज्ज्ञांच्या संघटनेने विरोध केला. डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने मधला मार्ग पत्करला : किरणोत्सर्गाने इजा झाल्याचा संशय येऊन वैद्यकीय उपचाराची गरज भासली, तरच कळविण्याचे बंधन घालणारा नियम तयार करावा.

म्हणजे मात्रा मोजायची नाही, जखमेची वाट पाहायची. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. हातावरील चट्ट्याचा त्या सुईशी संबंध आहे, हे त्याला कोण सांगणार? विक्रेत्याचा स्वार्थ होता म्हणून रुग्णाचा प्रश्न खोटा ठरत नाही.

आपल्याकडे 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्याच्या हातापायांसाठी मंडळाने वर्षाला 500 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील अर्जातला आकडाही तोच होता. रुग्णाला अशी मर्यादा लावत नाहीत, कारण त्याला दिलेली मात्रा त्याच्या हितासाठी असते. हे तत्त्व रास्त आहे. परंतु शिरेबाहेर झिरपलेली मात्रा रोग शोधत नाही, बराही करीत नाही. मग सुई टोचणाऱ्या हाताला मर्यादा आणि टोचून घेणाऱ्या हाताचा हिशेबच नाही, हे कोणत्या न्यायाने?

केवळ कागदावरचा नियम पुरत नाही, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. 2012 च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की देशातील 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी फक्त 5,270 ची मंडळाकडे नोंदणी होती. 2004 च्या नियमांनी अपघाताची खबर 24 तासांत देण्याचे बंधन मालकावर घातले. पण शिरेबाहेरची गळती त्या शब्दात बसते की नाही, हे कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहता कामा नये.

म्हणून मागणी चार कलमांची असावी. एक, ठरावीक मात्रेवरील प्रत्येक गळती मंडळाला कळविणे सक्तीचे करावे. जखमेची वाट पाहू नये. दोन, रुग्णाला त्याच दिवशी त्याच्या भाषेत सांगून लेखी कागद द्यावा व पुढील तपासणी मोफत करावी. तीन, नोंद करणाऱ्या तंत्रज्ञाला वा परिचारिकेला शिक्षा होऊ नये. ज्याची नोकरी कंत्राटाच्या नूतनीकरणावर टांगलेली आहे, तो स्वतःविरुद्ध कागद लिहील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. चार, नावे वगळून वार्षिक आकडे प्रसिद्ध करावेत.

हे अशक्य नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना 2010 पासून आहे. तीत परिचारिका आणि रुग्णही माहिती देऊ शकतात. तोच न्याय किरणोत्सर्गी सुईलाही लागू व्हावा. सुई कर्मचाऱ्याच्या हाती असते आणि रुग्ण त्याच्या भरवशावर हात पुढे करतो. त्या भरवशाला कायद्याचा आधार मिळवून देण्याचे काम रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात पहिल्या पानावर घ्यावे.