खांडस ते भीमाशंकर, पायी

माघात आमच्या बचत गटाच्या अकराजणी खांडसहून भीमाशंकरला चालत गेलो. शिडीघाट जवळचा, पण अवघड; आम्ही लांबचा गणेशघाट धरला. झाडीतल्या घळीत गारवा होता, शेकरूसुद्धा दिसलं. पदरवाडीच्या उघड्या माळावर मात्र ऊन तापलं आणि एका मावशींना भोवळ आली. "तुम्ही व्हा पुढं, मी बसते," म्हणाल्या. रोज बुडवून आलेल्या बायका, सगळ्यांना दर्शनाची ओढ. पण एकीचा हप्ता थकला तर गट सोडून देतो का? सावलीत दीड तास थांबलो, उरलेलं पाणी मीठ-साखर घालून त्यांनाच पाजलं. पोचलो तेव्हा एसटी गेलेली, मुक्काम करावा लागला. दोघींना घरून फोनवर बोलणी बसली. पुढच्या वेळी माणशी तीन लिटर पाणी, आणि पहाटेच निघायचं.