दृक्-श्राव्य साधनांसाठी सरकती मांडणी

(नागोठणे परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



साधन शाळेत येणे आणि ते वर्गात वापरले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रक्षेपक, संगणक, ध्वनिवर्धक यांची नोंद असते. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात सुरक्षित असते. परंतु पाठाच्या वेळी ते साधन बाहेर येत नाही. याचे कारण शिक्षकाची अनास्था हे क्वचितच असते. पुष्कळदा कारण अगदी साधे असते. उपकरणाची सर्व जोडणी त्याच्या पाठीमागे असते आणि पाठ भिंतीकडे असते. एखादी तार सैल झाली तर सारे सामान उचलून खाली ठेवावे लागते, तारा ओळखाव्या लागतात आणि पुन्हा सारे जागेवर लावावे लागते. तेवढ्यात तासिका संपते. दोनदा असा अनुभव आला की तिसऱ्या वेळी कपाट उघडलेच जात नाही.

ही अडचण नवी नाही. दि. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली आणि २०१७ साली बंद होईपर्यंत तिने शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली. २०२० साली महामारीत शाळा बंद असता सह्याद्री वाहिनीवरून मुलांसाठी पाठ दाखविले गेले. या काळात यंत्रे बदलली, परंतु यंत्र कोठे ठेवावे, त्याच्या पाठीमागे हात कसा पोहोचावा आणि ते पावसाळ्यात कसे टिकवावे, हे तीन प्रश्न प्रत्येक शाळेपुढे तसेच राहिले. गावातील सुताराच्या मदतीने करता येण्याजोगी सरकती मांडणी हे या तिन्ही प्रश्नांचे एक उत्तर आहे.

प्रथम तिचे स्वरूप पाहू. वाण्याच्या दुकानातील गल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. ओढला की पुढे येतो, ढकलला की आत जातो. सरकत्या मांडणीतील प्रत्येक खण असाच पुढे येतो. फरक इतकाच की त्याला मागची फळी नसते. खण पूर्ण बाहेर ओढला की उपकरणाची मागची बाजूही उजेडात येते आणि बाजूला उभे राहून तार तपासता येते. उपकरण जागचे हलवावे लागत नाही.

आता मापे. ध्वनिवर्धकासारखी व्यावसायिक उपकरणे बहुधा १९ इंच, म्हणजे सुमारे ४८.३ सें.मी. रुंदीच्या दर्शनी पट्टीची असतात. हे माप अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांतून आले आणि पुढे जगभर रूढ झाले. म्हणून ६० सें.मी. रुंद व ४५ सें.मी. खोल असा खण घ्यावा. त्यात अशी उपकरणे बसून दोन्ही बाजूंस हवेला जागा राहते. खण सरकण्यासाठी बाजारात मिळणारे टेलिस्कोपिक चॅनेल ४५ सें.मी. लांबीचे व पूर्ण बाहेर येणारे घ्यावेत. या चॅनेलची जाडी प्रत्येक बाजूस साधारण १३ मि.मी. धरावी लागते. म्हणून कपाटाच्या दोन बाजूंच्या फळ्यांमधील आतील अंतर ६० अधिक २.६, म्हणजे ६२.६ सें.मी. ठेवावे. कपाटाची आतील खोली ६० सें.मी. असावी. त्यामुळे खण बंद असता मागे तारांसाठी व हवेसाठी १५ सें.मी. जागा उरते. चॅनेलच्या एका जोडीची वजन पेलण्याची मर्यादा बहुधा ३० ते ४५ किलोग्रॅम असते. खरेदी करताना ती विचारून घ्यावी.

लाकूडकामात दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे कपाट काटकोनात असणे. यासाठी सुताराने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असले तर कोन बरोबर आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही चॅनेल एकाच पातळीत व परस्परांस समांतर असणे. गवंड्याची पाण्याची नळी लावून पातळी पाहता येते. मागील रुंदी पुढीलपेक्षा दोन-तीन मि.मी. जरी कमी भरली, तरी खण अडतो आणि मग तो झटका देऊन ओढण्याची सवय लागते. अशा झटक्यांनी तारा तुटतात. स्क्रू चपट्या डोक्याचे वापरावेत, अन्यथा त्यांची डोकी चॅनेलमधील गोळ्यांना अडतात.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे चूक झाल्यास यंत्र बिघडण्यापेक्षा मोठा अनर्थ संभवतो. तरफेचा नियम येथे लागू पडतो. समजा, ओढलेला खण वगळता कपाटाचे वजन ४० किलोग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढील कडेपासून ३० सें.मी. आत आहे. कपाट सावरून धरणारा गुणाकार ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० झाला. आता २० किलोग्रॅमचा भरलेला खण पूर्ण ४५ सें.मी. बाहेर आला. त्याचा मध्य कडेच्या पुढे २२.५ सें.मी. आहे. कपाट पाडू पाहणारा गुणाकार ४५० झाला. येथवर भीती नाही. परंतु पहिलीतील २० किलोग्रॅम वजनाचे मूल कुतूहलाने खणाच्या पुढच्या कडेला लोंबकळले, तर २० गुणिले ४५ म्हणजे आणखी ९०० त्यात मिळतात. बेरीज १३५० होते. ती १२०० पेक्षा अधिक असल्याने कपाट मुलाच्या अंगावर येते.

यास्तव तीन नियम कटाक्षाने पाळावेत. कपाट मागील भिंतीस निदान दोन मजबूत बोल्टांनी पक्के जखडावे. जड वस्तू सर्वांत खालच्या खणात ठेवाव्यात आणि एका वेळी एकच खण ओढावा. कपाटाच्या दारास कुलूप असावे. भिंतीस जखडण्यापूर्वी त्यात कोणतेही उपकरण ठेवू नये.

तारांचे गणितही सोपे आहे. खण बंद असता त्याची मागील कड व कपाटाची मागील फळी यांत १५ सें.मी. अंतर असते. खण उघडल्यावर ते ६० सें.मी. होते. म्हणून दोन्ही टोकांस बांधलेल्या तारेची मधली लांबी ७५ ते ८० सें.मी. ठेवावी. सर्व तारा कापडी पट्टीने एकत्र बांधून त्यांना सैल वळण द्यावे. म्हणजे खण आत जाताना त्या घडी पडून बसतात, चिमटत नाहीत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस ‘चित्र’, ‘आवाज’, ‘वीज’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. शिक्षकाची बदली झाली तरी नव्या शिक्षकास जोडणी वाचून समजते. वीजजोडणी मात्र परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी. भू-तार व गळती होताच वीज तोडणारी कळ अवश्य असावी. मागील तारांना हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. इन्व्हर्टरची बॅटरी या कपाटात ठेवू नये, कारण भारित होताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो.

आता नागोठण्याच्या हवापाण्याचा विचार. अंबा नदी सह्याद्रीतून निघून जांभूळपाडा व पाली यांच्या बाजूने येथे येते आणि पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. एकेकाळी भरतीबरोबर मचवे येथवर येत. तीच भरती अतिवृष्टीच्या वेळी नदीचे पाणी तुंबवते. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या पुराने जांभूळपाड्यात केलेला संहार या खोऱ्यातील जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. म्हणून कपाट जमिनीवर न ठेवता निदान ३० सें.मी. उंच पक्क्या ओट्यावर उभे करावे. त्यामुळे ओल व वाळवी या दोहोंपासूनही संरक्षण मिळते. पाणी त्याहून चढू लागले तर सरकत्या खणाचा आणखी एक उपयोग होतो. चॅनेलच्या बाजूस काळी लहान कळ असते. एका बाजूची वर व दुसऱ्या बाजूची खाली दाबली की खण सुटतो. वीज बंद करून व तारा काढून दोन माणसे उपकरणांसह तो खण वरच्या मजल्यावर किंवा उंच जागी नेऊ शकतात. याचा सराव मे महिन्यातच एकदा करून ठेवावा.

पुरापेक्षाही ओलसर हवा अधिक नुकसान करते, कारण ती चार महिने गुपचूप काम करते. भिंगांवर बुरशी येते, जोडण्या गंजतात. लाकडासाठी आयएस ७१० चिन्हाचा सागरी प्लायवूड वापरावा. कपाटाच्या तळाशी व माथ्याजवळ छिद्रे ठेवून त्यांवर बारीक जाळी ठोकावी. त्यामुळे गरम हवा वर निघून जाते, पाली व उंदीर आत शिरत नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक उपकरण अर्धा तास चालवावे. यंत्राची स्वतःची ऊब हे ओलीवरचे चांगले औषध आहे. बंद ठेवून यंत्र जपले जाते हा समज कोकणात तरी खोटा ठरतो.

या कामात विद्यार्थ्यांनाही वाटा द्यावा. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हातांचे काम व ज्ञान यांची सांगड शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवली. वरच्या इयत्तांतील मुलांनी कर्ण मोजावेत, तरफेचे गुणाकार मांडावेत, चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरांत लिहाव्यात. विजेच्या तारा मात्र त्यांच्या हाती देऊ नयेत. सुतार काम करीत असता त्यास वर्गात बोलावून गुण्या व रंधा यांचा उपयोग मुलांना समजावून द्यावयास सांगितले, तर तो दिवस भूमितीच्या अनेक तासांची भर काढील.

काम सुरू करण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मापांसह साधा आराखडा ठेवावा आणि गावातील दोन सुतारांकडून अंदाजपत्रक घ्यावे. मांडणी तयार झाल्यावर तिच्या दाराच्या आतील बाजूस एक कागद चिकटवावा आणि उपकरण वापरल्याची तारीख, इयत्ता व पाठ यांची नोंद त्यावर करावी. जडवस्तू संग्रहातील नोंद साधन शाळेत असल्याचे सांगते. दारामागचा हा कागद ते मुलांपर्यंत पोहोचले की नाही हे सांगेल, आणि शाळेच्या दृष्टीने खरा हिशेब तोच आहे.