सीआरपी नॉर्मल आला, आता पुढे?

ताकायासू आर्टरायटिसच्या रुग्णांचे घरचे लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात. ‘डॉक्टर, सीआरपी नॉर्मल आलाय, मग आता गोळ्या बंद करायच्या ना?’ प्रश्न रास्त आहे. रुग्ण बहुधा तरुण मुलगी असते आणि स्टेरॉइडनं तिचा चेहरा सुजलेला असतो.

कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1905 मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांच्या सभेत एका तरुण स्त्रीची हकिगत मांडली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं तयार झालं होतं. अशा रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. हा आजार महाधमनीच्या आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं धुमसतो. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या अधिक सापडतात, म्हणून विशी-पंचविशीतल्या मुलीचं वाढलेलं बीपी हीच अनेकदा पहिली खूण असते.

आता दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्यांकडे वळू. ईएसआरसाठी रक्त एका उभ्या काचेच्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. दाह असला की फायब्रिनोजेन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भरभर खाली बसतात. पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी आकडा वाढतो, क्षयरोगातही वाढतो. आपल्या मुलींमध्ये ॲनिमिया किती आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सीआरपी त्याहून नेमका, पण तो बनतो यकृतात, इंटरल्युकिन-6 या दाहाच्या प्रथिनाचा निरोप आला की. धमनीच्या भिंतीत थोड्याच जागी दाह असेल, तर तो निरोप यकृतापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 1994 मध्ये 60 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार शांत समजलेल्या ज्या रुग्णांवर बायपास झाला, त्यांच्यापैकी 44 टक्क्यांच्या धमनीच्या तुकड्यांत दाह जिवंत होता. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो.

टोसिलिझुमॅब सुरू असेल तर सीआरपीवर अजिबात विसंबू नका. हे औषध इंटरल्युकिन-6 चाच रस्ता अडवतं. सीआरपी खाली येतो, मग धमनी शांत असो वा नसो.

मिलानच्या संशोधकांनी 2011 मध्ये पेंट्रॅक्सिन-3 कडे लक्ष वेधलं. हे प्रथिन यकृतावर अवलंबून नसतं, खुद्द दाहाच्या जागी तयार होतं. कल्पना मला फार मोलाची वाटते, पण ही चाचणी अजून रोजच्या वापरात रुळलेली नाही.

म्हणून भारतीय डॉक्टरांनी तयार केलेल्या ‘आयटास 2010’ या आजाराची सक्रियता मोजणाऱ्या गुणपत्रिकेचा मला अभिमान आहे. गेल्या तीन महिन्यांत नव्यानं काय झालं एवढंच ती विचारते. नाडी हरवली का, चालताना पोटरी दुखते का, गळ्याच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर नवी घरघर ऐकू येते का. ईएसआर किंवा सीआरपीचे गुण तिच्या ‘आयटास-ए’ या रूपात मिळवतात, तेही जास्तीत जास्त तीन. जोडीला ठरावीक काळानं एमआर अँजिओग्राफी हवीच.

आणि बीपी दर वेळी दोन्ही हातांत मोजून घ्या. दोन्हींत बराच फरक आला, तर कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद असू शकते. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर हातावरचं बीपी फसवं, कमी येतं. तेव्हा पट्टा मांडीला बांधायला सांगा.